मदत हवी आहे: गळासाठी घरी ओतलेली शिशाची वजनं पावसाळ्यात पांढरी पडतात, कशात ठेवावीत?

नमस्कार मंडळी,

प्रश्न गरवणाऱ्यांसाठी आहे, पण रसायनशास्त्र कळणाऱ्यांनीही वाचावा. गोम तिथेच असावी अशी शंका आहे.

मी आणि मेव्हणा मे महिन्यात गावच्या अंगणात शिसं वितळवून गळाची वजनं ओततो. थेंबाच्या आकाराची, ४० ते ८० ग्रॅमची, वरच्या टोकाला पितळी तारेची कडी. माल टायरवाल्याकडचा, व्हील बॅलन्सिंगची काढून टाकलेली वजनं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हा उद्योग करत नाही, तेव्हा धुराबद्दल कृपया ओरडू नका. पण ओतलेला माल बोरिवलीला घरी येतो. जून-जुलैत मढ-मार्वेच्या खडकांवर उभं राहायची सोय नसते, म्हणून तो पडून राहतो. नारळी पौर्णिमा झाली की खोकं उघडायचं, आणि सगळ्या वजनांवर पांढरी भुकटी. बोटाला लागते, कागदावर सांडते. काही वजनांवर तर खडबडीत पापुद्रा धरतो.

ठेवतो ते असं: प्रत्येक वजन वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात, आणि खोकं टीव्हीखालच्या प्लायच्या ड्रॉवरमध्ये. युनिट नवीन आहे. ड्रॉवरमध्ये पावसाचं पाणी येत नाही, भिंतीला ओल नाही. आणि गंमत म्हणजे त्याच ड्रॉवरात कॉफीच्या काचेच्या बरणीत काही वजनं होती, ती जशीच्या तशी करडी राहिली आहेत. तोच माल, तोच साचा.

परदेशात बंदुकीच्या गोळ्या घरी ओतून स्वतःच काडतुसं भरणारे हौशी लोक असतात. काडतुसात जाईपर्यंत त्यांच्या गोळ्यांनाही हाच त्रास होतो. त्यांचे सल्ले वाचले, तर एक म्हणतो तेल लावा, दुसरा म्हणतो अजिबात लावू नका. आपल्याला तर तेल लावायचं म्हणजे वेगळीच पंचाईत. तेलाचा वास आला की मासा गरीला तोंड लावत नाही, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात.

तर, ही भुकटी नेमकी काय आहे? घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून जास्त काळजी. पांढरी पडलेली वजनं वापरावीत की वितळवून परत ओतावीत? आणि पुढच्या वर्षी ठेवायची कशात?

खाडीकाठ:
एवढं काय त्यात! आमच्या घरी पागेला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, शिशाचे मणी असायचे, सगळे पांढरे. पाग दोन वेळा पाण्यात टाकली की साफ. बिनधास्त वापरा.

क्षारवाली:
खाडीकाठ, पाग साफ व्हायची हे खरं, पण ती भुकटी कुठेतरी जायचीच ना. हाताला, टोपलीला, होडीच्या तळाला.

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कॉफीच्या बरणीतच आहे. ही भुकटी म्हणजे शिशाचा बेसिक कार्बोनेट. रंगवाले याला सफेदा म्हणायचे. शिसं नुसतं हवेत ठेवलं तर वर करडा थर धरतं आणि तो थर आतल्या धातूला सांभाळतो. दमट हवेनेही ते फार लवकर बिघडत नाही. पण त्या हवेत ॲसिटिक आम्लाची वाफ मिसळली, अगदी थोडी का होईना, की तो थर टिकत नाही. आम्ल शिशाला खातं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचा कार्बोनेट करतो, आणि आम्ल मोकळं होऊन पुन्हा कामाला लागतं. म्हणून थोडीशी वाफसुद्धा महिनोन् महिने पुरते. पूर्वी सफेदा मुद्दाम असाच बनवत. मडक्यात व्हिनेगर, त्याच्या वर शिशाच्या गुंडाळ्या, भोवती ऊब द्यायला शेण, आणि मग काही महिने थांबायचं.

तुमच्याकडे व्हिनेगरच्या जागी प्लायचं नवं युनिट आहे. लाकूड, प्लाय, एमडीएफ यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघत राहते, नवं असताना जास्त. पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद त्याच माळेतले. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर आर्द्र असते आणि ड्रॉवर बंद, म्हणजे कोंडलेली वाफ. युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या ऑर्गनच्या शिशाच्या नळ्या त्यांच्याच ओकच्या पेटीमुळे खराब झाल्या आहेत. संग्रहालयवालेही शिशाची नाणी आणि मोहरा लाकडी कपाटात ठेवत नाहीत.

त्यामुळे पावसाला शिव्या देऊ नका, ड्रॉवर बदला. काचेची बरणी, पत्र्याचा डबा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, तिन्ही चालतील. आत कागद नको. वजनं एकमेकांवर घासू नयेत असं वाटत असेल तर पॉलिथिनच्या पिशव्यांत घाला. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या मात्र टाळा. सिलिका जेल घातलंत तर उत्तम, पण डबा हवाबंद असेल तरच. उघड्या खोक्यात ते दोन दिवसांत थकेल. रंग बदलणारं घ्यायचं तर नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असतं.

तंगूसवाला:
तेलाबद्दल मी सांगतो. खोबरेल, तीळ, शेंगदाणा काहीच लावू नका. खवट झालं की त्यातली आम्लं शिशालाच लागतात, वर चिकट घाण होते ती वेगळी. खनिज तेल चालतं, पण गरीचा वास मलाही सांभाळायचा असतो. मी वजनं पॅराफिनच्या मेणात बुडवतो. मेण वेगळ्या डब्यात, तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवायचं. ६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून थेट गॅसवर ठेवायची गरजच नाही. वजन कोरडं हवं. दोन-चार वेळा खडकाला आपटलं की मेण सुटतं, पण तोवर पावसाळा निघून गेलेला असतो.

गोळ्या ओतणाऱ्या परदेशी मंडळींचं ऐकायचं तर त्यांची पुठ्ठा टाळायची शिस्त तेवढी घ्या. बाकी त्यांची वंगणं, मिश्रधातूचा कडकपणा, कितव्या आठवड्यात गोळी किती टणक होते, हे सगळं त्यांच्या नेमबाजीसाठी. आपलं वजन तळाला जाऊन पडलं म्हणजे झालं. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, तेव्हा त्या गल्लीत न शिरलेलं बरं.

डॉक्टरीणबाई:
मुलीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलं चार ते पाच पट जास्त शोषून घेतात. धातूचा गोळा हातात धरण्यापेक्षा ही भुकटी वाईट, कारण ती उडते, बोटांना चिकटते आणि पोटातल्या आम्लात विरघळते. कातडीतून फारसं आत जात नाही. जे जातं ते तोंडावाटे आणि श्वासावाटे.

आजच्या आज ते खोकं मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी हलवा. ड्रॉवर झाडू नका, व्हॅक्यूमही नको. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसा, ते कपडे पुन्हा वापरू नका. वर्तमानपत्रं न झटकता तशीच पिशवीत बांधा. खेळणी त्याच ड्रॉवरात असतील तर धुऊन काढा. मुलगी तिथे हात घालत होती असं वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. रक्ताची साधी तपासणी आहे, ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघालं तर डॉक्टर पुढचं बघतील.

आणि गरवणाऱ्या सगळ्यांनाच: ते छोटे चिरलेले मणी दोरीवर दातांनी दाबता ना, ते बंद करा. पक्कड वापरा.

खाडीकाठ:
दातांचं मात्र पटलं. आमच्याकडे सगळे तेच करतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. प्लायचं डोक्यातच आलं नव्हतं. मुलीची तपासणी या आठवड्यात करून घेतो. दोन शंका उरल्या. खोक्यातली पांढरी वजनं लिंबू किंवा चिंचेने घासली तर चालेल का, पितळेची भांडी घासतो तशी? दुसरं, मेव्हण्याने एक मोठा प्लास्टिकचा डबा दिलाय, झाकणाच्या कडेला त्याने बाथरूमचा सिलिकॉन लावून सील केलंय. वास मात्र येतो, आंबट.

क्षारवाली:
तो आंबट वास म्हणजे ॲसिटिक आम्लच! बाथरूमचा बराच सिलिकॉन सुकताना तेच सोडतो. टीव्ही युनिटमधून काढून वजनं व्हिनेगरच्या डब्यात ठेवल्यासारखं होईल. तो डबा दुसऱ्या कशाला तरी वापरा.

लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नका. भुकटी निघालेली दिसेल, पण ती विरघळणाऱ्या शिशाच्या क्षाराच्या रूपात त्या पाण्यात आणि मोरीत जाईल. हातमोजे घालून, ओल्या जुन्या कपड्याने पुसा. सॅन्डपेपर, तारेचा ब्रश तर नकोच. पुसून, पूर्ण वाळवून नव्या डब्यात. पातळ थर असलेली वजनं एवढ्यावर वापरता येतील.

तंगूसवाला:
पापुद्रे धरलेली परत ओतायची असतील तर पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा, पावसाळ्यात नको. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात ओलं किंवा दमट वजन पडलं तर पाण्याची एकदम वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. पापुद्र्यात ओल धरून राहते, नुसत्या नजरेला कळत नाही. गार भांड्यात आधी वजनं ठेवायची आणि मग आच लावायची. वितळलेल्या शिशात वरून टाकायचं नाही. वर येणारी राख चमच्याने काढताना मास्क असू द्या, ती राख म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. टायरवाल्याच्या मालात हल्ली जस्ताची वजनंही येतात. ती ४१९ अंशांपर्यंत वितळत नाहीत, म्हणून आच बेताची ठेवली तर तरंगून वर येतात, तेव्हाच उचलून टाका.

शिवाय समुद्रात वापरून आणलेली वजनं गोड्या पाण्यात धुऊन, वाळवूनच डब्यात. मीठ ओल ओढतं. वापरलेली आणि कोरी वेगवेगळ्या डब्यांत ठेवलीत तर बरं.

बोईमास्तर:
शिशाच्या जागी लोखंडी नट कोणी वापरतं का? ब्रिटनमध्ये १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, हंस ती गिळून मरायचे म्हणून.

तंगूसवाला:
खाडीत, संथ पाण्यात मी नट वापरतो, झकास चालतात. खडकात अडकून तुटले तरी जीव हळहळत नाही. पण लोखंड शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला आकार जवळजवळ दीडपट होतो. मार्वेच्या ओढीत ते घरंगळत जातं. तिथे शिसंच लागतं.

धागाकर्ता:
ठरलं. खाडीसाठी नट, मढसाठी शिसं. काचेच्या दोन बरण्या घेतल्या आहेत, फिरकीच्या झाकणाच्या. वरच्या माळ्यावर कुलपात ठेवतो, माळा सिमेंटचा आहे. झाकणाच्या आतली चकती पुठ्ठ्याची होती, ती काढली, चालेल ना?

क्षारवाली:
चालेल. त्या जागी पॉलिथिनची चकती कापून बसवा, नाहीतर झाकण हवाबंद राहणार नाही.