कोकणातल्या घराचा कार्बन खरोखर कमी करायचा तर सुरुवात कुठून करावी?

पडवी (दापोली तालुका)

नमस्कार. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा समुद्राकडच्या बाजूची कौले पाहता पाहता उडाली, वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या आणि पुढचा सगळा पावसाळा आम्ही ताडपत्री व पत्र्यांखाली काढला. पत्रे तात्पुरते म्हणून टाकले होते, ते अजून तिथेच आहेत. यंदा आठशे चौरस फुटांचे छप्पर नीट करून घ्यायचे ठरले आहे आणि त्यावरूनच घरात दोन तट पडले आहेत. मुंबईला असणाऱ्या धाकट्या दिरांचे म्हणणे, एकदाचा स्लॅब घालून मोकळे व्हावे. सासूबाई म्हणतात की ज्या घरात पंख्याशिवाय तीन पिढ्या झोपल्या त्यावर सिमेंट ओतायचे नाही.

या चर्चेत मुलीने एक प्रश्न टाकला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. हवामान बिघडल्यामुळे वादळे वाढली असे आपण म्हणतो, तर मग घर दुरुस्त करताना त्यात आपण स्वतः किती भर घालतो, असे ती विचारते. शाळेत तिला नळ बंद ठेवा, दिवे मालवा, झाडे लावा एवढेच सांगितले आहे. आमच्या घरी झाडांना तोटा नाही. वर्षाला आठ सिलिंडर, महिन्याला सुमारे १४० युनिट वीज आणि स्कूटरला महिन्याकाठी दहा लिटर पेट्रोल लागते. आंघोळीचे पाणी मागील दारी चुलीवर तापते. माघ-फाल्गुनात वाडीतला पातेरा, म्हणजे गळलेली पाने, गोळा करून रोज सकाळी जाळला जातो. यांपैकी कशाला हात घातला तर खरा फरक पडेल आणि कशाने केवळ मनाचे समाधान होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशोबी

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मी वीज कंपनीतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायचे नाही ही जुनी सवय आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ४२ किलो आणि तुमच्या आठ सिलिंडरचे ३४० किलोच्या आसपास झाले. पेट्रोलचा लिटरमागे हिशोब २.३ किलोचा आहे, तेव्हा स्कूटरचे वर्षाला पावणेतीनशे किलो धरा. आपल्याकडची बहुतेक वीज अजूनही कोळशावर तयार होत असल्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो पडतात आणि १४० युनिटांच्या हिशोबाने तो आकडा वर्षाला बाराशे किलोपर्यंत जातो. म्हणजे ज्यातून धूर दिसत नाही त्या विजेचाच वाटा सर्वांत मोठा निघतो. लोकांना हे पटवायला मला नोकरीत फार वेळ लागत असे.

पंखे जुने असतील तर पहिला खर्च तिथेच करा. जुना छताचा पंखा ७०-७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. तीन पंखे दिवसाला दहा तास चालतात असे धरले तर महिन्याला ४० युनिट वाचतात. पावसाळ्यातले दोन महिने सोडून दिले तरी वर्षाचे २८० किलो कमी झाले, म्हणजे साडेसहा सिलिंडर वाचवल्यासारखे. चार्जर भिंतीला लावून ठेवण्या-न ठेवण्यावरून घरात जी भांडणे होतात ती मात्र खुशाल थांबवावीत, त्यात पैशाएवढाही फरक नाही.

सौर छताबद्दलही विचार करा. एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतो, आपल्याकडे आषाढ-श्रावणात बराच कमी. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. तुमच्या वापराला दोन किलोवॅट पुरेसे आहेत. अडचण एकच, माडांची सावली. एका झावळीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन चांगलेच घसरते, म्हणून जागा ठरवण्यापूर्वी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता छपरावर नजर टाकून या.

ओळंबा

हिशोबी काकांनी चालू खर्च मोजला; मी इमारतीचा मोजतो, कारण ताईंच्या घरातला या वर्षीचा सर्वांत मोठा निर्णय तोच आहे.

आठशे चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे नऊ-साडेनऊ घनमीटर काँक्रीट. त्याला ७० च्या आसपास पोती सिमेंट आणि पाऊण टनाहून अधिक लोखंड लागते. सिमेंट बनवताना चुनखडी भट्टीत तापवली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे भट्टीला कोणतेही इंधन घातले तरी तेवढा वायू निघणारच, आणि इंधनाचा त्यावर वेगळा. एका पोत्यामागे ३० ते ४० किलो होतात. लोखंडासह तुमच्या स्लॅबचा आकडा चार टनांच्या आसपास जातो. तुम्ही तीन वर्षांहून अधिक काळ जी वीज वापराल तितका कार्बन एका दिवसात ओतला जाईल.

त्यातली गंमत अशी की कोकणात स्लॅब घालूनही कोणी मोकळे होत नाही. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, शिवाय खारी हवा; दहा-पंधरा वर्षांत स्लॅब पाझरू लागतो, आतले लोखंड गंजून फुगते, आणि मग त्याच स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्र्याचे छप्पर घालावे लागते. आपल्या गावातली स्लॅबची घरे मोजा आणि त्यांतली किती उघडी आहेत ते पाहा. मी स्वतः अशी दुहेरी छपरे बांधून दिली आहेत आणि त्याचे पैसेही घेतले आहेत, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

दिरांची भीती मात्र खरी आहे, तिला हसू नये. वाऱ्याचा उचल दाब वळचणीला, आढ्यावर आणि कडांना सर्वांत जास्त असतो, आणि कौले नुसती रिपांवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांवर, टेकवून ठेवलेली असतात. वादळात आधी वळचणीची ओळ सुटते, मग वारा आत शिरतो आणि उरलेले छप्पर आतून उचलतो. म्हणून कडेच्या तीन-चार ओळी भोके असलेल्या कौलांच्या घालून प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधावे, आढ्यावरची कौले चुना-सिमेंटच्या मसाल्यात बसवावीत आणि वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत. जुनी कौले शाबूत असतील तितकी पुन्हा वापरा. ती भाजून झालेली आहेत, त्यांचा कार्बन आपल्या आजोबांच्या नावावर लागला. जिथे सिमेंट टाळता येणार नाही तिथे राखमिश्रित पीपीसी सिमेंट घ्या, कारण त्यात भट्टीतल्या मालाचा काही भाग औष्णिक केंद्रातल्या राखेने भरून काढलेला असतो.

खारा वारा (रत्नागिरी)

मी फ्रीज आणि एसी दुरुस्तीचे काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली. स्लॅब आला की दोन वर्षांत एसी येतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. विजेचा खर्च सगळ्यांना कळतो. पण किनाऱ्यावर एसीची खरी दुखणी वेगळीच आहेत.

बाहेरच्या युनिटची नळी आणि पत्र्या खाऱ्या हवेने खाल्ल्या जातात. समुद्राकडे तोंड करून लावलेले युनिट मी तिसऱ्याच वर्षी उघडले आहे तेव्हा पत्र्या हाताला भुग्यासारख्या लागल्या. मग बारीक गळती सुरू होते, खोली थंड होत नाही, मालक फोन करतो आणि म्हणतो, ‘‘गॅस भरून द्या.’’ गळती शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसते, म्हणून बरेच कारागीर नुसता गॅस भरून निघून जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. आर-४१०ए हा गॅस एक किलो हवेत गेला तर तो दोन हजार किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो आणि दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो गॅस असतो. हिशोबी काकांनी पंख्यांतून वाचवलेली सात वर्षांची कमाई एका गळतीत गेली, असे समजा.

तेव्हा एसी लागणारच असेल तर आर-३२ गॅसचा घ्या, त्याचा हाच आकडा ६७५ च्या आसपास आहे. आर-२९० मिळाला तर त्याचा आकडा नगण्यच. युनिट समुद्राच्या विरुद्ध बाजूला, पडवीच्या आडोशाला लावा, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा आणि गळती सापडल्याशिवाय कोणालाही गॅस भरू देऊ नका. माझ्या धंद्याला हे परवडणारे नाही, पण विचारलेत म्हणून सांगितले.

पातेरा (कुडाळ)

सर्वांचे वाचले. माझा मुद्दा वाडीचा आहे. पातेरा जाळणे आधी बंद करा. पानांतला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे तो जळला तर नवीन भर पडत नाही असे कोणी म्हणेल, आणि हिशोबाच्या वहीत ते खरेही आहे. परंतु ओलसर पातेरा धुमसत जळतो तेव्हा काजळी आणि मिथेनही निघतो, आणि जमिनीत जो कार्बन वर्षानुवर्षे मुरला असता तो हवेत जातो. त्यानंतर आपण दुकानातून युरिया आणतो, जो नैसर्गिक वायू वापरून तयार होतो आणि मातीत पडल्यावर नायट्रस ऑक्साइड सोडतो; हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक आहे. म्हणजे खत जाळायचे आणि खत विकत घ्यायचे, असा हा व्यवहार.

आमच्याकडे पातेरा पोफळीच्या आणि कलमांच्या आळ्यात वीतभर जाडीने पसरतो, बुंध्यापासून हातभर अंतर सोडून, नाहीतर वाळवी चढते. पूर्वी चौथ्या दिवशी शिंपणे लागत असे, आता आठव्या दिवशी पुरते, म्हणजे पंपाची वीजही वाचली. एक सांभाळा: पातेरा सुका असताना शेजारच्या सड्यावर कोणी गवत पेटवले तर वणवा थेट वाडीत येतो. कुंपणाच्या कडेने दोन हात रुंद पट्टा साफ ठेवावा.

गुरे असतील तर गोबरगॅसचाही विचार करा. दोन घनमीटरच्या संचाला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. दोनच असतील तर एक घनमीटरचा बांधा आणि अर्धा स्वयंपाक त्यावर भागवा. आमच्या घरी वर्षाला दोन सिलिंडर लागतात, तेही श्रावण-भाद्रपदात गॅस मंद पडतो म्हणून. मात्र सांधे वर्षातून एकदा साबणाच्या फेसाने तपासावेत. न जळलेला मिथेन गळत राहिला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट भारी पडतो आणि चांगल्या हेतूने उलटे काम होते.

मागील दारची चूल नारळाची सोडणे, पिडे आणि करवंट्यांवर चालत असेल तर तिच्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. फक्त तिला धुराडे बसवा, सासूबाईंच्या छातीसाठी.

चाकरमानी

दिरांच्या बाजूने कोणीतरी लिहावे म्हणून लिहितो, कारण मीही कोणाचा तरी मुंबईतला दीरच आहे. गाडीने दापोलीला जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर धरले तर तीसेक लिटर पेट्रोल, म्हणजे ७० किलो. गाडीत चौघे असतील तर माणशी १७-१८ किलो, ते फार नाही. पण मी बहुतेक वेळा एकटाच जात असे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा डिझेलवर धावत होती, २०२२ साली सगळा मार्ग विजेवर आला. आता मी खेडला उतरून एसटीने वर जातो. गणपतीत आरक्षण मिळत नाही, तेव्हा मात्र गाडीच, आणि तेव्हा ती भरलेली असते.

पडवी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे घरात मोठ्याने वाचून दाखवले. एका दिवसात चार टन, हे ऐकून मुलगी गप्प झाली. दीर फोनवर होते, त्यांनी स्लॅबवरच्या पत्र्याचा मुद्दा दोनदा वाचायला लावला आणि मग शेजारच्या आळीतल्या घरांची नावे स्वतःच मोजू लागले. कौलांवर एकमत झाले आहे. पंखे दिवाळीच्या आधी बदलू. पातेऱ्याबद्दल सासूबाईंचे म्हणणे, त्यात फुरसे लपते, आणि हा आक्षेप मला खोडता आलेला नाही; घराजवळच्या पोफळी सोडून मागच्या आळ्यांत घालून पाहू.

एक शंका उरली. ओळंबा दादा, कौले बांधायला जस्ताची तार चालेल का? इथल्या दुकानात तीच मिळते.

ओळंबा

समुद्रापासून इतक्या जवळ ती चार-पाच पावसाळ्यांत तुटते आणि कौल बांधलेले आहे अशा समजुतीत आपण राहतो. स्टेनलेस स्टीलची बारीक तार घ्या. दापोलीत किंवा खेडला हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात वजनावर मिळेल. गवंडी जुन्या सवयीने एक कौल सोडून एक बांधायला बघतील. कडेच्या ओळींत तसे करू देऊ नका, खाली उभे राहून मोजून घ्या.