मदत हवी आहे: पुरात भिजलेली पुस्तकं गोठवायला जागा कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी. सांगलीत कृष्णाकाठी आमचं छोटं वाचनालय आहे, तेही तळमजल्यावर. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५!), तेव्हा आमची खालची चार फळ्यांची पुस्तकं बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही शहाण्यांनी सगळी गच्चीवर उन्हात टाकली. पुठ्ठे पापडासारखे वाकले. दिवाळी अंकांच्या गुळगुळीत पानांची तर अक्षरशः वीट झाली. गठ्ठ्यात राहिलेल्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी.

नंतर कळलं, ओला कागद दोनेक दिवसांतच बुरशी धरतो. थोडी पुस्तकं असतील तर सावलीत पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून वाळवायची. शेकड्यांनी असतील तर गोठवून ठेवायची, म्हणजे सवडीनं वाळवता येतात.

आता अडचण अशी. तासगाव-सांगलीत बेदाण्याची कोल्ड स्टोरेज भरपूर, पण तिथं नुसता थंडावा. आपल्याला उणे १८ च्या आसपास लागतं. आइस्क्रीमवाले किंवा मासळीवाले अशी खोली पंधरा दिवस देतील का? कुणी विचारलंय? चिखलाची पुस्तकं म्हटल्यावर नाक मुरडतील, हे धरूनच चाललोय.

आणखी एक. पाणी ४० फुटांकडं सरकलं की आधी काय वर न्यायचं, अशी यादी कुणाच्या वाचनालयात भिंतीवर लावलीय का? फोटो टाका. आमच्याकडं शाईनं लिहिलेलं जुनं दाखल-रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) एकच आहे, ते पहिलं नेणार, एवढंच ठरलंय.