विमा कंपनी देईल ती वस्तू मुकाट्याने घ्यायची का?

फोकसशून्य
वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि आमच्या हॉलमध्ये पाणीच पाणी झालं. घरातल्या सामानाचा विमा होता, क्लेम मंजूरही झाला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. भांडण पुढचं आहे. पॉलिसी ‘जुन्याच्या बदल्यात नवे’ प्रकारची आहे, पण कंपनी पैसे न देता आपल्या ठरलेल्या पुरवठादाराकडून वस्तू पाठवतेय.

माझा टीव्ही ५५ इंची ओएलईडी (पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा), १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा होता. आता देताहेत तोही ५५ इंचीच, पण साधा एलईडी, ६० हर्ट्झचा. कॅमेऱ्याची तर कमालच. माझा निकॉनचा एफ माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) डीएसएलआर कॅमेरा भिजला, लेन्सा मात्र कपाटात होत्या म्हणून वाचल्या. बदली म्हणून आलाय वेगळ्या, झेड माउंटचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. त्यावर या लेन्सा बसतच नाहीत. विचारलं तर म्हणे, मेगापिक्सेल पूर्वीपेक्षा जास्त आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या वस्तूवर जी कामं होत होती ती सगळी नवीवर झाली पाहिजेत. तशी देता येत नसेल तर पैसे द्या, आणि दुकानात मला पडेल त्या भावाने द्या, कंपनीच्या घाऊक भावाने नव्हे.

हिशेबी
वस्तू तोडीस तोड हवी, हे मान्य. भावाचं अजिबात पटलं नाही. पॉलिसी उघडून बघा. दुरुस्त करून द्यायचं, बदलून द्यायचं की पैसे द्यायचे, हे कंपनी ठरवेल असं बहुतेक पॉलिसींत असतं. पुरवठादाराशी घाऊक सौदा असतो, त्याचा हिशेब हप्त्यात आधीच धरलेला असतो. दुकानात १०० ला मिळणारी वस्तू कंपनीला ८० ला पडते. ती नाकारून तुम्ही १०० रोख मागणार, म्हणजे वरचे २० बाकीच्या हप्तेवाल्यांच्या खिशातून.

विमा नुकसान भरून द्यायला असतो, चार पैसे सुटावेत म्हणून नाही. ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ हा १८८३ चा इंग्लंडमधला खटला आठवा. घर विकायचा करार झाला, व्यवहार पुरा व्हायच्या आत आग लागली. मालकाने विम्याचे पैसे घेतले आणि नंतर खरेदीदाराकडून पूर्ण किंमतही घेतली. कोर्टाने विम्याचे पैसे परत करायला लावले.

कलम_वाचक
हिशेबी, खटला चांगला आहे पण इथे लागू कसा? त्या माणसाने दोन्हीकडून पैसे उचलले होते. धागाकर्त्याला एकदासुद्धा धड मिळालेलं नाही. शिवाय शुद्ध नुकसानभरपाईच्या तत्त्वाने गेलं तर जुन्या टीव्हीचा घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापायला हवा. ‘जुन्याच्या बदल्यात नवे’ हा करारानेच केलेला अपवाद आहे आणि त्यासाठी हप्ताही तसाच घेतात.

लेन्सवेडा
इतका गळा काढायची गरज नाही. एफ माउंटच्या लेन्सा झेडवर बसवणारा एफटीझेड ॲडॅप्टर लावा. एफ माउंटचं फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) ४६.५ मिमी, झेडचं १६ मिमी. मधल्या ३०.५ मिमीत ॲडॅप्टर बसतो आणि चित्राच्या दर्जात काही फरक पडत नाही. कंपनीकडून ॲडॅप्टरचे पैसे मागा आणि विषय संपवा. मिररलेस फुकट पदरात पडतोय, अजून काय हवं?

फोकसशून्य
माझ्या बऱ्याचशा लेन्सा एएफ-डी आहेत. त्यांच्यात मोटर नाही, कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर स्क्रू फिरवते तेव्हा फोकस होतो. एफटीझेडमध्ये ती मोटरच नाही. म्हणजे सगळा फोकस हाताने. पळणाऱ्या पोरांचे फोटो काढून दाखवा तसे.

लेन्सवेडा
एएफ-डी असतील तर प्रश्नच वेगळा. पण कंपनीला हे असं लिहून कळवलंय का? पत्रात नुसतं ‘लेन्स बसत नाहीत’ एवढंच असेल तर त्यांचंही उत्तर ॲडॅप्टर हेच येणार.

निवृत्त_सर्व्हेअर
अगदी बरोबर. पुरवठादाराकडचा माणूस तुमचा मॉडेल नंबर यादीत टाकतो. इंच, लिटर, मेगापिक्सेल असा एखादा ठळक आकडा जुळला की प्रस्ताव तयार. त्यात डावपेच वगैरे नसतात, त्याला दिवसभरात असे ढीगभर क्लेम उरकायचे असतात. म्हणून त्याच्याशी फोनवर वाद घालून उपयोग नाही. क्लेम अधिकाऱ्याला लिहा. जुन्या वस्तूची मॅन्युअलमधली वैशिष्ट्ये, देऊ केलेल्या वस्तूची वैशिष्ट्ये, फरक कुठे पडतो, आणि आज मिळणारं कोणतं मॉडेल चालेल ते नावानिशी. शेवटचं बहुतेक लोक लिहीतच नाहीत आणि नुसतं ‘हे नको’ म्हणत बसतात. तुमच्या बाबतीत फोकस मोटर असलेली एफ माउंटचीच बॉडी मागा.

खोकं घरात घेऊ नका. ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या पावतीवर सही करू नका. भिजलेलं सामान निकाल लागेपर्यंत टाकू नका, बघायला मागतील. आणि ५५ इंचीच्या जागी ६५ इंची मागायचा मोह नको. फाइलवर ‘वाढवून मागतो’ असा शेरा एकदा पडला की खऱ्या मागणीकडेही त्याच नजरेने बघतात.

तीनपायी
आमच्या सहा खुर्च्यांपैकी दोन फुगल्या. कंपनीने दोन नव्या दिल्या, रंग भलताच. संचाचं काय?

कलम_वाचक
पॉलिसीत जुळणाऱ्या संचाचं कलम शोधा. कुठे शाबूत नगांसाठीही काही हिस्सा देतात, कुठे साफ नकार असतो.

फोकसशून्य
हिशेबी, तुमचं १००-८० चं गणित योग्य वस्तू पुरवठादाराकडे असेल तरच चालतं. जी वस्तू तो देऊच शकत नाही, तिच्यावर त्याला सवलत मिळते कुठून? न मिळालेली सवलत माझ्या भरपाईतून कापायची, हे कुठल्या हिशेबात बसतं?

हिशेबी
पुरवठादाराकडे नसेल तर बाजारभाव, हे मान्य. पण टीव्हीसाठी ते चालणार नाही. ओएलईडी त्याच्याकडे असणार. तो देत असताना तुम्ही रोखच धरून बसलात, तर घाऊक भावानेच मिळणार आणि मिळायला हवेत. त्यातून तुमच्या वाट्याची ठरलेली कपात, म्हणजे क्लेममधली तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, वजा होईल ती वेगळी.

फोकसशून्य
ओएलईडी आणि १२० हर्ट्झ दिला तर टीव्ही त्यांचाच घेतो. कॅमेऱ्याला मात्र मोटरवाली एफ माउंट बॉडी, नाहीतर बाजारभावाने पैसे. तसं लिहून पाठवतोय. पण पैशांऐवजी एखाद्या दुकानाचं गिफ्ट कार्ड हातात ठेवलं तर?

निवृत्त_सर्व्हेअर
त्या दुकानात तुमची बॉडी मिळते का ते आधी बघा. मिळत नसेल तर कार्ड न वापरता परत करा आणि खात्यात रक्कम मागा. कार्डाला मुदत असते, आणि दुकान बुडालं तर कार्डही बुडतं. तेही नाकारलं तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडून लेखी अंतिम उत्तर घ्या. विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक न्यायालयात गेलात तर सगळ्यात आधी तेच पत्र मागतील.