मदत हवी आहे: आयरिश सासरचं कूळ गेलिक काळापर्यंत कसं शोधायचं?

मंडळी, माझा नवरा आयरिश, आडनाव हिकी, गाव क्लेअर काउंटीतलं. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखं काहीतरी करून द्यायचं डोक्यात आलं आणि आता पुरती अडकलेय.

१९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट मिळाली, ते सोपं गेलं. पण त्याआधीची जवळजवळ गायबच, १८२१ ते १८५१ ची बरीचशी कागदपत्रं १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत जळाली, नंतरची सरकारनेच नष्ट केली (डोक्याला हात!). मग ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये (एकोणिसाव्या शतकातली करासाठीची जमीन-घरांची नोंद) एक पणजोबांचे आजोबा सापडले, पण त्यात फक्त जमीन कसणाऱ्याचं नाव, बायकापोरं कुणीच नाही.

खरी गंमत पुढे आहे. हिकी म्हणजे मूळ ओ हीकी, थोमंडच्या (आजच्या क्लेअर भागातलं जुनं राज्य) ओब्रायन राजांचे वंशपरंपरागत वैद्य! त्या गेलिक काळी, म्हणजे इंग्रजांचा अंमल बसण्याआधी, वैद्य, कवी, न्यायाधीश अशी घराणीच असायची. आणि 'देर्वफिने' म्हणजे एका पणजोबांची सगळी पुरुष संतती, वारसाहक्क त्यातच फिरायचा, थेट आपली भाऊबंदकीच की!

आता प्रश्न असा, की आडनाव तेच म्हणून आम्ही त्याच वैद्यांचे हे कसं म्हणायचं? मधली दोनेकशे वर्षं कोरी आहेत. चर्चची जुनी रजिस्टरं लॅटिनमध्ये, ती वाचायला कुणी शिकलंय का? वाय-डीएनए टेस्टने (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची तपासणी) काही कळतं का, की पैसे फुकट? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, पार्टी दोन महिन्यांवर आलीये.