खिशात घडीचा चाकू ठेवणं: साधी सवय की उगाच धोका?

डोंगरवाट
परवा ऑफिसात एक मोठं खोकं आलं, टेप निघता निघेना म्हणून मी खिशातला घडीचा चाकू काढला तर शेजारचा सहकारी दोन पावलं मागे सरकला. पातं माझ्या करंगळीपेक्षा जरासंच लांब आहे. "हे तू रोज घेऊन फिरतोस?" असं त्याने ज्या आवाजात विचारलं ना, ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की खिशात लहान चाकू असणं ही कामाच्या माणसाची जुनी सवय आहे आणि तिच्याकडे संशयाने बघायचं कारण नाही. आपल्या भाषेत सुतार करवत-पटाशीला हत्यारं म्हणतो आणि तलवारीलाही आपण हत्यारच म्हणतो, दोन्ही एकाच शब्दात बसलेत आणि आजवर कुणाचा गोंधळ झाला नाही. फ्रान्सच्या सावॉय भागात जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू बनवायला घेतला तो आसपासच्या शेतकऱ्यांच्या खिशासाठी. स्विस सैनिकांना १८९१ मध्ये जो घडीचा चाकू मिळाला त्यात पातं, आरी, डबा उघडायची पट्टी आणि स्क्रूड्रायव्हर होता, आणि स्क्रूड्रायव्हर कशाला तर नवी रायफल खोलून साफ करायला. म्हणजे सैन्याने दिलेला चाकूसुद्धा लढायला नव्हता!

पंधरा वर्षांत माझ्या चाकूने दोऱ्या, टेपा, फांद्या कापल्या, तळपायातले काटे काढले, आणि एकदा एका कुत्र्याच्या मानेत रुतलेली नायलॉनची दोरी कापली. ती दोरी कातडीत इतकी गेली होती की पात्याची पाठ कातडीकडे आणि धार बाहेरच्या बाजूला ठेवून एकेक धागा तोडावा लागला, वीस मिनिटं. कात्री आणेपर्यंत ते कुत्रं पळून गेलं असतं. तुम्ही लोक ठेवता का? आणि तुम्ही राहता तिथे लोक काय म्हणतात?

रात्रपाळी
मी ब्रिटनमध्ये इमर्जन्सी विभागात नर्स आहे, त्यामुळे माझं मत कडक आहे, राग मानू नका.

एक मुलगा आला होता, सतरा वर्षांचा. जीन्सला इतकं छोटं भोक होतं की पहिल्यांदा कुणाला सापडलंच नाही. मांडीच्या आतल्या बाजूला, शर्टाच्या काजाएवढी जखम. बाहेर रक्त फारसं नाही पण मुलगा पांढराफटक, कारण मोठी रक्तवाहिनी आत कापली गेलेली. वाचला तो. नंतर चार दिवसांनी मला म्हणाला की माझ्याही खिशात चाकू होता, पण मारामारी करायला नाही, बाकीचे ठेवतात म्हणून. ज्याने वार केला त्यानेही हेच सांगितलं असणार. पातं जवळपास तुमच्याच मापाचं होतं डोंगरवाट.

पंधरा वर्षांत तुमच्या हातून काही झालं नाही हे मी मान्य करते. पण नियम तुम्हाला एकट्याला डोळ्यासमोर ठेवून करता येत नाही. ढकलाढकली झाली की माणूस खिशात जे असेल ते काढतो, किल्ली असेल तर किल्ली काढेल.

डोंगरवाट
ताई, राग अजिबात नाही, वाचून कसंतरीच झालं. पण ब्रिटनमध्ये असे वार बरेचदा स्वयंपाकघरातल्या चाकूने होतात ना? २००५ मध्ये लंडनच्या इमर्जन्सी डॉक्टरांनीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की स्वयंपाकाच्या लांब चाकूंना टोक कशाला हवं. मग खिशातल्या छोट्या चाकूवाल्याला धरून काय होणार?

रात्रपाळी
तो लेख माहितीये, आमच्याकडे अजून त्यावर बोलणं होतं. आणि तुम्ही म्हणता ते खरंय. पण स्वयंपाकघरातला चाकू उचलून रस्त्यावर आणायला मधे दार आहे, जिना आहे, आई आहे. खिशातल्याला यातलं काहीच आडवं येत नाही.

तीनइंच
ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर नियम नीट सांगतो कारण यावर लोक काहीही बोलतात. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टप्रमाणे घडीचा चाकू, पातं ३ इंचापर्यंत, आणि उघडल्यावर लॉक न होणारा, म्हणजे पातं उघडं अडकून न राहणारा, हा कारणाशिवाय जवळ ठेवता येतो. पातं लांब असेल किंवा लॉक होत असेल तर योग्य कारण लागतं, आणि ते कारण तुम्ही दाखवायचं, पोलिसांनी नाही. "स्वसंरक्षणासाठी" हे कारण चालत नाही, आणि ते चालू नये असंच माझंही मत आहे.

पण मला खटकतं ते लॉकचं. लॉक कुणासाठी असतो? वापरणाऱ्याच्या बोटांसाठी! माझ्या उजव्या तर्जनीवर आडवा व्रण आहे, जाड प्लॅस्टिकच्या पट्टीत टोक अडकलं, मी जरा तिरका जोर लावला आणि बिनलॉकचं पातं फटकन बोटावर मिटलं, तीन टाके. ओपिनेलच्या मोठ्या नंबरांना, म्हणजे मोठ्या मापांच्या चाकूंना, पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी असते, १९५५ पासून आहे ती, नेमकं हे होऊ नये म्हणून. ती कडी आहे म्हणून इथे त्या चाकूला कारण लागतं, आणि कडी नसलेले छोटे नंबर तसेच चालतात. म्हणजे काम करणाऱ्याने बोट कापून घ्यायचं. यात सतरा वर्षांच्या कुणाचा जीव वाचला ते मला समजत नाही, कारण भोसकणारा लॉक आहे का बघून थोडाच थांबतो.

रात्रपाळी
बोटाचे टाके रोज घालायची माझी तयारी आहे हो, त्याने कुणी मरत नाही. तेवढी किंमत मला मान्य आहे.

उत्तरध्रुव
मी फिनलंडमध्ये राहतो, इकडच्या पुक्कोबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. पुक्को म्हणजे छोटा, सरळ पात्याचा, घडी न होणारा चाकू, कातडी म्यानात पट्ट्याला लटकवतात. तो भेट देणं हा मान समजतात. पण लोक समजतात तसं इथे सगळे कमरेला लावून बाजारात हिंडत नाहीत. २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे गावात कामाच्या कारणाशिवाय असा चाकू बाळगता येत नाही. माझे शेजारी सत्तरीचे आहेत, जंगलातून येतात, गाडीत बसायच्या आधी पट्ट्यावरून म्यान काढतात आणि मागच्या डब्यात टोपलीखाली ठेवतात, मग गावात जातात. मी विचारलं तर म्हणाले, गावात कापायला काय आहे.

आणि दुसरी गोष्ट, ज्यांना वाटतं की पूर्वी लोक चाकू बाळगायचे आणि सगळं शांत होतं त्यांनी पश्चिम फिनलंडमधल्या ऑस्ट्रोबोथनिया भागाचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास बघावा. तिथल्या गुंडांना पुक्कोयुंक्कारी असंच नाव पडलंय, लग्नाच्या जेवणावळीत दारू पिऊन पुक्को चालायचे. पुक्को तोच, माणसंही तीच फिनिश. त्यामुळे "हेतू महत्त्वाचा" हे डोंगरवाट यांचं अर्धंच खरं आहे, दारू आणि गर्दी आली की हेतू दोन मिनिटांत बदलतो.

पेन्सिलटोक
मी डोंगरवाट यांच्या बाजूने. जपानचं उदाहरण देते, तिथे सहा वर्षं काढलीत. हिगोनोकामी नावाचा घडीचा चाकू असतो, ह्योगोमधल्या मिकी गावचा, मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, स्प्रिंग नाही, लॉक नाही, पात्याच्या मागे एक छोटी पट्टी बाहेर आलेली असते ती अंगठ्याने दाबून धरायची, बस. एके काळी शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिलला टोक करायला हाच असायचा. मग १२ ऑक्टोबर १९६० ला टोकियोत समाजवादी नेते असानुमा यांचा भर सभेत सतरा वर्षांच्या मुलाने खून केला, आणि त्यानंतर मुलांच्या हातात धारदार वस्तू देऊ नका अशी मोहीम देशभर झाली. पण तो खून आखूड तलवारीने झाला होता हो! आणि दप्तरातून गेला पेन्सिलचा चाकू. आता ६ सेंटिमीटरच्या वरचं पातं योग्य कारणाशिवाय बाळगायचं नाही, त्याखालचंसुद्धा उगाच लपवून ठेवलं तर पोलीस धरू शकतात.

माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी मला त्याने पेन्सिल करून दाखवली होती. ते चाकू हलवतच नव्हते, डाव्या अंगठ्याने पात्याची पाठ हळूच पुढे सरकवत होते आणि लाकडाची साल एकसारखी उलगडत होती. त्यांच्या नातवाला कटरने कागदसुद्धा सरळ कापता येत नव्हता, हे त्यांनीच मला हळू आवाजात सांगितलं. हे नुकसान कुणी मोजतं का?

ट्रामचा प्रवासी
मी जर्मनीत. इथे झोलिंगेन म्हणजे चाकू-सुऱ्यांचं शहर, शहराचं बिरुदच पात्यांचं शहर असं आहे. स्विस सैनिकांचे अगदी पहिले चाकूसुद्धा तिथूनच बनून गेले होते. त्याच झोलिंगेनमध्ये २३ ऑगस्ट २०२४ ला शहराच्या ६५० वर्षांच्या उत्सवात एकाने चाकूने तीन माणसं मारली. ऑक्टोबरअखेर कायदा कडक झाला, जत्रा-उत्सवात चाकू आणायचा नाही वगैरे.

मी त्याआधी कायम लाल स्विस चाकू ठेवायचो. आता बॅगेच्या तळाशी असतो, खिशात नाही. कायद्याचं कारण कमी आहे त्यात. एकदा ट्राममध्ये नुसतं एक लोंबणारं सूत कापायला काढला, समोर एक बाई होती, तिने मुलाला ओढून आपल्या पलीकडे बसवलं. ती मला काही बोलली नाही. मी सूत तसंच सोडून चाकू आत ठेवला आणि पुढच्या स्टॉपला उतरलो. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

गोदामवाला
कायदा कडक केला की कुणावर पडतो ते पण बघा. न्यूयॉर्कमध्ये ग्रॅव्हिटी नाइफवर बंदी होती, म्हणजे मनगटाच्या झटक्याने उघडणारा चाकू. पोलीस काय करायचे, कामगाराच्या खिशातला साधा घडीचा चाकू घ्यायचे, मनगट झटकायचे, उघडला की गुन्हा. तेच चाकू हार्डवेअरच्या दुकानात उघड विकायला! हजारो लोक धरले गेले, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, खोकी फोडणारे, वायरिंग करणारे, स्टेजचं काम करणारे. शेवटी मे २०१९ मध्ये ती बंदी उठली. मी स्वतः दहा वर्षं गोदामात काम केलंय, तिथे चाकू नसणं म्हणजे पेन नसलेला क्लार्क. पण शिफ्ट संपवून बसमध्ये बसलो की तोच मी संशयित.

रात्रपाळी
गोदामवाला, हे मला मान्य, एकदम मान्य. इथेही पोलीस कुणाला थांबवतात यावर भांडणं होतातच. कामाला जाणाऱ्याला सूट हवी आणि इथल्या कायद्यात ती आहेसुद्धा. मी बोलतेय ते बिनकामाचं, सवय म्हणून, बरं वाटतं म्हणून ठेवण्याबद्दल.

तीनइंच
बाय द वे, २०२४ मध्ये लाल स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीनेच सांगितलं की ते पातं नसलेले चाकू तयार करतायत, निरनिराळ्या देशांचे नियम बघून. अमेरिकेतल्या २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू बंद झाले तेव्हा त्यांचा धंदा जोरात आपटला होता, त्यामुळे ते आधीच विचार करतायत. मला ऐकून वाईट वाटलं.

रात्रपाळी
मला ऐकून बरं वाटलं. मी पहिली घेईन.

डोंगरवाट
सगळं दोनदा वाचलं. उत्तरध्रुव, तुमच्या शेजाऱ्यांचं टोपलीखाली ठेवणं डोक्यात बसलंय. संध्याकाळी कुठे गर्दीत, समारंभात, पिण्याच्या ठिकाणी जाताना मी यापुढे घरी ठेवीन, याचा मी खरंच कधी विचार केला नव्हता. पण दिवसा, कामावर, डोंगरात तो खिशात राहणार, आणि सहकारी मागे सरकला तर मी त्याला समजावून सांगेन, लपवणार नाही. तीनइंच यांच्या लॉकच्या मुद्द्यावर मी शंभर टक्के त्यांच्यासोबत.

आता खरा प्रश्न विचारतो. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला माझ्यासारखा चाकू हवाय, काड्या तासायला. देऊ का? रात्रपाळी, तुम्ही नाही म्हणणार हे माहितीये.

रात्रपाळी
तासायला द्या की, तुमच्या समोर. खिशात नको.

पेन्सिलटोक
गोल टोकाचा द्या, ओपिनेल मुलांसाठी तसा बनवतं, त्याला कडीपण आहे. आणि पहिले काही दिवस फक्त ओलं मऊ लाकूड, बसूनच, कोपर गुडघ्यावर टेकवून, काडी मांडीवर धरायची नाही, गुडघ्याच्या पुढे धरायची, मांडीचं रात्रपाळी ताईंनी वर सांगितलंच आहे. हातात देताना तिने मूठ पकडून "धरला" म्हटल्याशिवाय तुम्ही सोडायचा नाही. आणि धार चांगली ठेवा, बोथट असला की ती जोर लावणार आणि तिथेच घसरतो.