मुलं, मोबाईल आणि आपण: घरात घडलेलं सांगा

२०२० साली लेक दुसरीत होती. शाळा मोबाईलवर आली आणि फोन आम्हीच तिच्या हातात दिला. आता ती सातवीत आहे आणि फोनवरून रोज वाद. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली भोंगा सुरू केला: संध्याकाळी सातला वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आम्ही शहरात, फ्लॅटमध्ये. तुमच्याकडे कसं जमवता? उपदेश नको, घडलेलं लिहा.

*

फॅमिली लिंकवर (मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवता येतं ते गूगलचं ॲप) तासाभराची मर्यादा घातली, तर पोरगा आजीच्या फोनवर बघू लागला. पांघरुणात, आवाज बंद करून. आजीला विचारलं तर म्हणाली, "तेवढाच माझ्याजवळ बसतो रे." आता दोघं मिळून अर्धा तास क्रिकेट बघतात, आवाज चालू ठेवून.

*

लिहू की नको, असं झालं होतं. आठवीतल्या लेकीचं जेवण कमी झालं, फोन सतत पालथा. एका रात्री ओट्याशी येऊन उभी राहिली. "आई, ओरडणार नाहीस ना?" इन्स्टाग्रामवर 'मैत्रीण' झालेल्या कुणीतरी तिच्याकडून नको तसला फोटो मिळवला होता. आणखी पाठव, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, अशी धमकी. माझे हात कणकेचे होते, तसंच तिला जवळ घेतलं.

मी रागाने चॅट डिलीटच करणार होते. भावाने थांबवलं. धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि त्या अकाउंटची लिंक आधी जपून ठेव, मग ब्लॉक कर. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. मुलांच्या बाबतीत तिथे नाव न देताही करता येते, आम्ही मात्र दिलं. 'टेक इट डाउन' ही 18 वर्षांखालच्या मुलांच्या फोटोंसाठीची मोफत सेवाही वापरली. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो हुडकतात. अजून तरी तो कुठे आलेला नाही. लेक जेवते नीट. फोन वाजला की दचकते अजून.

*

मी अकरावीत आहे. घरी माझा फोन तपासतात, पण मी काय बघते ते विचारत नाहीत. मी एडिटिंगचे व्हिडिओ बघते. त्यातूनच शिकून स्नेहसंमेलनाची फिल्म जोडली. काल बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "हे दोन शॉट जोडतात कसे?" पाऊण तास शेजारी बसले होते.