पावसाळ्यात चरचरणारा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही

प्रश्न

कुडाळजवळच्या आमच्या गावच्या घरी 21 इंची रंगीत टीव्ही आहे. 1999 च्या गणपतीच्या आधी घेतलेला हा संच आई आजही रोज संध्याकाळी सेट-टॉप बॉक्स जोडून पाहते, आणि नवा सपाट टीव्ही आणण्याचा विषय काढला की "ह्याला काय धाड भरली आहे?" असे विचारून तो मिटवते. मात्र जूनपासून दोन तक्रारी सुरू झाल्या आहेत. संच लावल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे आतून चर्र-चर्र असा आवाज येतो आणि मागच्या बाजूला वेल्डिंगच्या दुकानाशेजारी येतो तसा उग्र वास येतो. शिवाय पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग पडला आहे, त्यामुळे कोणाचा पांढरा सदरा त्या कोपऱ्यात आला की जांभळा होतो. गावातल्या मेकॅनिकने संच न उघडताच "ट्यूब गेली, भंगारात द्या" असे सांगितले. ट्यूब खरोखरच गेली असेल का, आणि मागचे झाकण काढून मी स्वतः धूळ झटकली तर चालेल का?

प्रतिसाद 1

तीसएक वर्षे टीव्ही दुरुस्तीत घालवल्यानंतर मी आता दुकान बंद केले आहे, पण तुमचे वर्णन वाचून राहवले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मागचे झाकण कृपया उघडू नका. या आकाराच्या रंगीत ट्यूबला 20,000 व्होल्टच्या वर दाब दिलेला असतो, आणि ट्यूबची काच स्वतःच एखाद्या मोठ्या कंडेन्सरसारखी वागत असल्यामुळे प्लग काढल्यावरही तिच्यात साठलेला विद्युतभार कित्येक तास, कधी कधी काही दिवसही, आत टिकून राहतो.

चर्र आवाज आणि वास हा त्याच दाबाचा परिणाम आहे. उच्च दाबाच्या भागाकडे धूळ ओढली जाते, कोकणातल्या पावसात ती ओल धरते, आणि ईएचटीची (उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) जाड तार ट्यूबला जिथे रबरी टोपीखाली जोडलेली असते तिथून वीज ओल्या धुळीवरून सरपटू लागते. संच तापून आतली ओल उडाली की आवाज थांबतो. तुमच्या पाच-दहा मिनिटांचा हिशोब यावरून लागतो. जाणकार माणूस ट्यूबमधला भार उतरवून टोपी आणि तिच्याभोवतीची काच पुसून कोरडी करेल आणि ईएचटीला तडा गेला आहे का हेही पाहील. तोवर संच लावू नये. दुरुस्तीनंतर मात्र पावसाळ्यात तो रोज तासभर तरी चालू ठेवावा, कारण आठ-आठ दिवस बंद राहिलेलाच संच जास्त बिघडतो.

कोपऱ्यातल्या डागावरून ट्यूब गेली असे म्हणता येत नाही. ट्यूब कमजोर झाली की चित्र उजळायला काही मिनिटे लागतात, सगळा पडदा मंद दिसतो किंवा एखादा रंग सर्वत्र फिका पडतो. पडद्यामागे बारीक छिद्रांची लोखंडी जाळी असते. ती चुंबकित झाली किंवा शेजारी चुंबक आला की इलेक्ट्रॉनांचा झोत किंचित सरकून भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतो. उजवीकडे एखादा स्पीकर ठेवला आहे का ते पाहा. जाळीचे चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी संचातच बसवलेली असते, पण बऱ्याच संचांत ती फक्त मुख्य बटण दाबून टीव्ही सुरू करताना क्षणभर काम करते आणि तेव्हा "थुंग" असा आवाज येतो. केवळ रिमोटने बंद-चालू करणाऱ्या घरांत, त्यातही इन्व्हर्टरमुळे वीज गेली तरी संच बंद पडत नसल्यास, तिला महिनोन्महिने संधीच मिळत नाही. दुरुस्ती झाली की स्पीकर हलवून मुख्य बटण बंद करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करा. लगेच बंद-चालू केल्याने उपयोग होत नाही, कारण त्या गुंडाळीला प्रवाह देणारा भाग आधी थंड व्हावा लागतो.

जाता जाता एक गोष्ट: कधी चित्र जाऊन मधोमध फक्त एक पांढरी आडवी रेघ उरली, तर संच त्याच क्षणी बंद करावा. तो दोष बहुधा चित्र वर-खाली पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीचा किंवा सोल्डरच्या सुटलेल्या टाक्याचा असतो आणि स्वस्तात दुरुस्त होतो, पण रेघ तशीच चालू राहिली तर पडद्यावर कायमचा डाग पडतो.

प्रतिसाद 2

जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी मी असाच एक संच जपला आहे, कारण बदकांवर नेम धरण्याची ती बंदूक सपाट पडद्यावर चालतच नाही. वरच्या प्रतिसादात सेट-टॉप बॉक्सचा उल्लेख राहिला. त्याच्या सेटिंगमध्ये पडद्याचे प्रमाण 16:9 असेल तर या संचावर माणसे उभट आणि बारीक दिसतात. ते 4:3 करून लेटरबॉक्स निवडावे. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, पण चेहरे माणसांसारखे दिसतील.

प्रतिसाद 3

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा टीव्ही घ्यावा असे माझे मत आहे. मात्र जुना संच रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि आत निर्वात पोकळी असल्यामुळे ती फोडताना काचा उडतात. म्हणून तो अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्यावा. उचलताना पडदा छातीकडे धरावा, कारण सगळे वजन पुढच्या बाजूला असते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो. टीव्हीच्या उजव्या बाजूला, अगदी चिकटून, आईचा भजने ऐकण्याचा स्पीकर होता. मे महिन्यात मीच तो तिला आणून दिला होता. तो खिडकीत हलवला आणि पहिल्या प्रतिसादातल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मुख्य बटणाने अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने संच तीन वेळा सुरू केला. पहिल्या वेळी डाग फिका झाला आणि तिसऱ्या वेळी शोधावा लागला.

कुडाळहून आलेल्या मेकॅनिकने झाकण काढले तेव्हा रबरी टोपीच्या कडेने पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ उमटलेली दिसली, आणि बोर्डावर पालीच्या अंड्यांची दोन टरफले सापडली. त्याने सगळे साफ करून दोन टाके नव्याने मारले आणि साडेतीनशे रुपये घेतले. आता आवाज येत नाही. मागच्या झरोक्यांवर लोंबणारा क्रोशाचा रुमाल काढून टाकावा असे तो आईला म्हणाला, पण त्यावर बरीच चर्चा होऊन रुमाल दुमडून पुढच्या अर्ध्या भागावर ठेवण्याची तडजोड झाली आहे.